बिल कुणावर फाडायचं?

मावशीचा फोन सकाळी साडेसहाला आला की समजायचं, काहीतरी झालंय. एरवी त्या वेळेला ती फक्त दूधवाल्याशी बोलते. गोष्ट फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यातली.

"अगं, आपल्या निखिलला वीस वर्षं आत टाकणारेत का?"

मी अर्धवट झोपेत. निखिल म्हणजे माझा मावसभाऊ. टेक्ससमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत पीएचडी करतोय. चिंचवडचा मुलगा, सिग्नल तोडताना सुद्धा दोनदा विचार करणारा. त्याला कोण आत टाकणार?

"अमेरिकेचं सरकार! त्याच्या फोनमध्ये ते चायनाचं आहे ना, डीपसीक. ते सापडलं की वीस वर्षं जेल आणि वर दहा लाख डॉलर दंड. भिशीच्या ग्रुपवर आलंय. थांब, पाठवते तुला."

पाठवलं. मी डोळे चोळत लिंक उघडली. आणि झोप उडाली. कारण ती बातमी मीच लिहिलेली होती.

म्हणजे वर माझं नाव नव्हतं, 'वेब टीम' असं होतं. तेव्हा मी एका न्यूज साइटसाठी (नाव नको, अजून तिथे एक-दोन मित्र आहेत) संध्याकाळच्या शिफ्ट करायचे. पर स्टोरी पैसे. एका शिफ्टमध्ये सात-आठ स्टोऱ्या पाडायच्या. त्यात एक परदेशी बातमी, एक सेलिब्रिटी ब्रेकअप, एक 'हे पदार्थ फ्रीजमध्ये ठेवू नका', असं सगळं. त्या दिवशीची परदेशी बातमी ही. हेडलाइन: 'डीपसीक डाउनलोड केलं तर २० वर्षांचा तुरुंगवास?'

ते शेवटचं प्रश्नचिन्ह बघा. आमच्या धंद्यातला सीटबेल्ट आहे तो. अपघात झाला तर वाचवतो. आम्हाला, वाचकाला नाही.

मी केलेल्या पहिल्या हेडलाइनमध्ये 'प्रस्तावित' असा एक शब्द होता, शपथ. पण मोबाइलच्या स्क्रीनवर हेडलाइन दोन ओळींत बसेना. मग शिफ्टला जो सीनियर होता त्याने विचारलं, "यातला कुठला शब्द उडवला तर बातमी मरणार नाही?" आणि 'प्रस्तावित' गेला. मी हो म्हटलं. कारण साडेनऊ वाजले होते आणि ब्रेकअपची स्टोरी बाकी होती.

आता जरा मूळ प्रकरण. २० जानेवारी २०२५ ला चीनमधल्या हांगझोच्या डीपसीक कंपनीने आर-वन नावाचं मॉडेल आणलं. आठवड्याभरात त्यांचं ॲप अमेरिकेत ॲपलच्या स्टोअरवर फुकट ॲप्समध्ये पहिल्या नंबरला. २७ जानेवारीला एनव्हिडियाच्या बाजारमूल्यातून एका दिवसात जवळजवळ ६०० अब्ज डॉलर उडाले. अमेरिकेत अशी घबराट झाली की पुढारी लोकांना काहीतरी करणं, किंवा निदान करताना दिसणं, भागच होतं. मिसुरीचे रिपब्लिकन सिनेटर जॉश हॉली यांनी २९ जानेवारीला एक बिल मांडलं. लांबलचक नाव आहे, पण मतलब सोपा: अमेरिकेची एआय आणि चीनची एआय यांचा काडीमोड. चीनमध्ये तयार झालेलं एआय तंत्रज्ञान अमेरिकेत आयात करायला बंदी, अमेरिकेतलं तिकडे पाठवायला बंदी, एकत्र संशोधनाला बंदी, पैसे गुंतवायला बंदी.

मग वीस वर्षं कुठून आली? गंमत इथे आहे. बिलात बंदी आहे ती 'आयाती'वर. ती मोडणाऱ्याला शिक्षा काय, तर २०१८ च्या निर्यात नियंत्रण कायद्यातली. त्या कायद्यात फौजदारी गुन्ह्याला जास्तीत जास्त २० वर्षं तुरुंग आणि जास्तीत जास्त दहा लाख डॉलर दंड आहे, आणि तोही जाणूनबुजून गुन्हा करणाऱ्याला. मग कुणीतरी दोन अधिक दोन केलं. ॲप डाउनलोड करणं म्हणजे 'आयात'च की! आयात म्हणजे गुन्हा. गुन्हा म्हणजे वीस वर्षं. झाली हेडलाइन.

हा अर्थ अगदीच खुळचट आहे असंही नाही हं. बिलातले शब्द खरोखर इतके सैल आहेत की उद्या एखादा सरकारी वकील तसा अर्थ लावू शकेल. ज्या पत्रकारांनी हे पहिल्यांदा दाखवून दिलं त्यांचं काम योग्यच होतं. 'बघा, किती ढगळ बिल आहे' अशी ती बातमी होती. पण ती तिथून उचलून दुसऱ्याने छापली, तिसऱ्याने त्यावरून, आणि चौथी मी. माझ्यापर्यंत येईस्तोवर 'बिल ढगळ आहे' मधलं ढगळ गेलं, मग बिलही गेलं, आणि उरला तुरुंग. लहानपणी कानगोष्टी खेळायचो ना, तसं. फक्त इथे शेवटच्या मुलीला पर स्टोरी पैसे मिळतात.

बरं, मूळ बिल नेटवर फुकट वाचायला मिळतं. अमेरिकन काँग्रेसच्या (आपली नव्हे, त्यांची) साइटवर. मी ते वाचलं का? वाचलं. मावशीच्या फोननंतर.

आणि तिथेच दुसरी गोष्ट कळली. अमेरिकेत कुठलाही सिनेटर उठून बिल मांडू शकतो. कुणाची परवानगी लागत नाही. दोन वर्षांच्या एका काँग्रेसमध्ये दहा हजारांहून जास्त बिलं येतात. त्यातली कायदा होतात अलीकडे तीन-चारशे, कधी त्याहूनही कमी. बाकीची समितीत जातात आणि तिथेच विरतात. कित्येकदा मांडणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. बिल हा तिकडे प्रेस रिलीज काढायचा रीतसर मार्ग आहे. मतदारसंघात सांगता येतं, मी चीनविरुद्ध बिल आणलं. हॉलींच्या बिलाचं तेच झालं. २०२५ चं वर्ष संपलं, पण सिनेटमध्ये त्यावर मतदान काही झालं नाही.

पण हे आपल्याकडच्या वाचकाला कसं कळणार? माझ्या मते खरी गोची इथे आहे. आपल्या टीव्हीवर 'संसदेत विधेयक मांडलं' अशी पट्टी येते तेव्हा ते नव्वद टक्के सरकारचं असतं, आणि सरकारकडे बहुमत असतं म्हणूनच ते सरकार असतं. म्हणजे आपल्याकडे बिल आलं की कायदा आलाच, फक्त तारीख विचारायची. त्याच कानांनी आपण अमेरिकेची बातमी ऐकतो. मावशीचं काय चुकलं?

तसं आपल्याकडेही हॉली टाइप बिलं असतात. शुक्रवारी दुपारी लोकसभेत खासगी सदस्यांची विधेयकं येतात. मंत्री नसलेला कुठलाही खासदार मांडू शकतो. स्वातंत्र्यापासून आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० मधलं. १९७०! माझ्या आईचा तेव्हा जन्म झाला नव्हता.

आता आठवा. डिसेंबर २०२५ मध्ये तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर (बॉस नसलेल्या) एक बातमी धुमधडाक्यात फिरत होती. 'ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन उचलायची गरज नाही!' खासदार सुप्रिया सुळे यांचं 'राइट टू डिस्कनेक्ट' बिल. हार्ट, टाळ्या, डान्स करणारे इमोजी. माझ्या एका मैत्रिणीने तर खरंच शनिवारी फोन सायलेंटवर टाकला आणि सोमवारी एचआरने तिला 'छोटीशी कॉफी' प्यायला बोलावलं. ते बिलही खासगी सदस्याचं होतं. आणि हेच बिल त्यांनी याआधी २०१८ च्या डिसेंबरमध्येही मांडलं होतं. तेव्हाही अशाच हेडलाइन्स, असेच फॉरवर्ड्स. मागणी एकदम रास्त आहे, माझा तर फुल सपोर्ट आहे. पण 'मागणी' अशी हेडलाइन केली तर क्लिक कोण करणार, बॉस?

पुन्हा अमेरिकेकडे येऊ, कारण वीस वर्षांचा हा आकडा पहिल्यांदा आलेला नाही. मार्च २०२३ मध्ये मार्क वॉर्नर आणि जॉन थून या दोन सिनेटर्सनी 'रिस्ट्रिक्ट ॲक्ट' नावाचं बिल आणलं होतं. टिकटॉकसारख्या परदेशी तंत्रज्ञानावर सरकारला लगाम घालता यावा म्हणून. तेव्हा काय व्हायरल झालं? 'व्हीपीएन वापरलंत तर २० वर्षं जेल!' तोच आकडा, तेच दहा लाख डॉलर. राष्ट्रीय सुरक्षेच्या अशा कायद्यांमध्ये ही शिक्षा जवळजवळ छापील फॉर्मसारखी येते. साध्या वापरणाऱ्यांवर आमचा रोख नाही, असा खुलासा बिलवाल्यांना करावा लागला. शेवटी तेही बिल बारगळलं, आणि गंमत म्हणजे त्याला दोन्ही पक्षांचा पाठिंबा होता.

मग 'बिल म्हणजे नुसता कागद' असं म्हणून मोकळं व्हायचं का? मीही मावशीला तोच डोस पाजणार होते, पण ते पण खोटं आहे. ५ मार्च २०२४ ला टिकटॉकवरचं नवं बिल आलं, आणि माझ्यासकट सगळ्या डेस्कने 'आलं परत' म्हणून ते खालच्या पट्टीत टाकलं. दोन दिवसांत समितीत ५० विरुद्ध शून्य मतांनी पास. आठवड्याभरात हाउसमध्ये ३५२ विरुद्ध ६५. २४ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांची सही. पन्नास दिवसांत खेळ खल्लास! जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो कायदा उचलून धरला. (मग टिकटॉक काही तास बंद पडलं, परत चालू झालं, मुदतवाढीवर मुदतवाढ... ती वेगळीच सिरियल.)

तर या दोन बिलांतला फरक काय? पहिल्या दिवशीच्या हेडलाइनमध्ये काहीच नाही. दोन्ही तितकीच भयानक. फरक दिसतो तो कंटाळवाण्या जागी. बिलावर सह्या किती जणांच्या, दुसऱ्या पक्षातलं कुणी आहे का, समितीने ते मताला घेतलं का. पाच मिनिटांचं काम आहे. पण 'समितीने अजून हात लावलेला नाही' ही काय हेडलाइन झाली?

आणि ज्या दिवसांत आम्ही सगळे न होणाऱ्या कायद्यावर तुटून पडलो होतो, त्याच दिवसांत खऱ्या बंद्या गुपचूप येत होत्या. ३० जानेवारीला इटलीच्या डेटा प्रायव्हसीवाल्या सरकारी यंत्रणेने डीपसीक रोखलं. ३१ जानेवारीला टेक्ससचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सरकारी उपकरणांवर डीपसीक आणि रेडनोट वापरायला बंदी केली. ४ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियाने सरकारी उपकरणांवर. आणि आपल्याकडे? २९ जानेवारी, म्हणजे हॉलींनी बिल मांडलं ती तारीख. त्याच तारखेचं आपल्या अर्थ मंत्रालयाचं एक परिपत्रक: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅटजीपीटी, डीपसीक वगैरे एआय टूल्स वापरू नका, गोपनीय माहिती बाहेर जाऊ शकते. ना बिल, ना भाषण, ना मतदान. एक कागद. तो पेपरात यायला ५ फेब्रुवारी उजाडला आणि तोही छापून आला मुख्यतः चॅटजीपीटीवाले सॅम ऑल्टमन नेमके तेव्हाच दिल्लीत होते म्हणून.

आपण तर हे चांगलं ओळखून असायला हवं. २९ जून २०२० च्या रात्री आठवते ना? टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप्स एका फटक्यात बंद. आयटी कायद्याच्या ६९-अ कलमाखाली एक आदेश आणि विषय संपला. माझ्या शेजारची पोरगी तीन वर्षं मेहनत करून जमवलेले फॉलोअर्स घेऊन झोपली आणि सकाळी उठली तेव्हा दुकानच नव्हतं. कुणी तिला आधी हेडलाइनमध्ये प्रश्नचिन्ह लावून विचारलं नव्हतं.

तर निखिल. मावशीने मला फोन करायच्या आधी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, त्याला चार वेळा फोन केला होता. रडून. त्या दिवसांत तिकडे व्हिसावर असलेल्या मुलांची हवा टाइटच होती, कुठल्या कागदावरून काय होईल सांगता येत नव्हतं. निखिल घाबरला. फोनमधलं ॲप उडवलं. अकाउंट डिलीट केलं. आणि सावधगिरीचा उपाय म्हणून स्वतःचा लॅपटॉप फॉरमॅट मारला! दोन आठवडे तो आपल्या कोडमधला एक बग डीपसीकशी बोलत बोलत शोधत होता. ते सगळं संभाषण, अर्धवट दुरुस्त केलेलं कोड, काढलेल्या नोट्स... बॅकअप होता तो जुना. गेलं सगळं. गाइडला सांगताना काय सांगणार? आई भिशीच्या ग्रुपवर आहे?

मी त्याला फोन केला तेव्हा तो एकदम शांत होता. तसा शांत असला की मला भीती वाटते. मी त्याला बिल, समिती, आयात, सगळं समजावलं. तो म्हणाला, "हो गं, नंतर मीही वाचलं. पण तेव्हा रात्री आई रडत होती आणि समोर ती बातमी होती."

पण खरा ट्विस्ट पुढे आहे. त्याच्या लॅबमध्ये एक टॅबलेट होता, सगळ्यांनी मिळून वापरायचा. युनिव्हर्सिटीचा. त्याच्यावरही निखिलनेच जानेवारीत डीपसीक टाकलं होतं, आणि ते तो साफ विसरला. आठवड्याभराने लॅब मॅनेजरची मेल आली: गव्हर्नरच्या आदेशाप्रमाणे हे ॲप या उपकरणावर चालणार नाही, कुणी टाकलंय, ताबडतोब काढा. सरकारी युनिव्हर्सिटी, म्हणजे टॅबलेट सरकारी. म्हणजे बघा, ज्या लॅपटॉपवर काहीही बंदी नव्हती तो त्याने पुसून टाकला आणि जिथे खरंच बंदी लागू झाली होती तिथे ते ॲप आरामात बसून होतं. सुदैवाने मॅनेजर भली बाई. 'सॉरी' वर भागलं.

टेक्ससच्या त्या आदेशाची बातमी त्या आठवड्यात आमच्या साइटवर होती का? मी शोधलं. नव्हती. एजन्सीकडून आली होती, कुणीतरी मार्क करून ठेवली होती, आणि तिच्या पुढे आमच्या इंटर्नने लिहिलं होतं: 'लोकल आहे, स्किप.'

मी डेस्कला फोन करून हेडलाइन बदलायला सांगितली. सीनियर म्हणाला, आठवड्यातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली स्टोरी आहे ती, आता कशाला हात लावतेस? मग बरीच घासाघीस झाल्यावर आतमध्ये एक ओळ घातली, 'हे विधेयक अद्याप मंजूर झालेलं नाही.' नवव्या परिच्छेदात. जाहिरातीच्या खाली. पुढच्या महिन्यात मी तिथल्या शिफ्ट सोडल्या. या बातमीमुळे सोडल्या असं म्हटलं तर ऐकायला छान वाटेल, पण खरं म्हणजे ते पैसे तीन-तीन महिने थकवायचे.

ती बातमी माझी होती हे निखिलला मी अजून सांगितलेलं नाही. हा कॉलमही तो वाचत नाही, त्यामुळे तुम्हीही सांगू नका. मावशीला मात्र गणपतीत सांगून टाकलं. मोदकाची पारी करताना तिचे हात थांबले. मला वाटलं, आता ओरडणार.

"तू लिहिलं होतंस ते?"

"हो."

"किती पैसे मिळाले त्याचे?"

"साडेतीनशे."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढचा मोदक वळायला घेतला.